वसंतातली शिकारी पक्ष्यांची मोजणी: लेक ऑन्टारिओच्या काठी क्लिकर हातात घेण्यापूर्वी

रॉचेस्टर, सिरॅक्यूस, हॅमिल्टन, टोरांटो या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी पक्षिनिरीक्षकांना वसंतातल्या स्थलांतराची मोजणी करण्यासाठी लांब जावे लागत नाही. लेक ऑन्टारिओच्या दक्षिण काठावर ब्रॅडक बे आणि डर्बी हिल ही शिकारी पक्षी मोजण्याची दोन ठाणी आहेत, तर कॅनडाच्या बाजूला ग्रिम्सबीचे बीमर. तिन्ही ठिकाणी स्वयंसेवकांची मदत लागते.

नव्या माणसाला धास्ती असते ती पक्षी ओळखण्याची. ती फारशी खरी नाही. पक्षी ओळखता आला नाही तर मोजणीच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना आहे. आकडा बिघडतो तो वेगळ्याच तीन कारणांनी: तास नीट न धरणे, एकच पक्षी दोनदा मोजणे आणि रिकामा गेलेला तास न लिहिणे. पुढच्या पायऱ्यांचा क्रम हीच तीन छिद्रे बुजवण्यासाठी लावला आहे, म्हणून तो बदलू नका.

१. ठाणे आणि दिवस ठरवा

मोठे शिकारी पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर पंख पसरून उंची मिळवतात आणि मग घसरत पुढे जातात. वसंतात सरोवराचे पाणी गार असते, त्यावर अशी हवा उठत नाही. म्हणून उत्तरेकडे निघालेले बहुतेक पक्षी पाणी दिसताच वळतात आणि काठ धरतात. कोणत्या बाजूला वळतात हे ठाण्यावर अवलंबून आहे. ग्रिम्सबीला ते सरोवराच्या पश्चिम टोकाला वळसा घालायला पश्चिमेकडे जातात. ब्रॅडक बे येथे ते पूर्वेकडे जातात आणि डर्बी हिल हे सरोवराचे आग्नेय टोक असल्याने तिथून उत्तरेला वळतात. एका ठाण्यावर शिकलेली ‘बरोबर दिशा’ दुसऱ्या ठाण्यावर उलटी ठरू शकते, हे पहिल्या दिवशीच डोक्यात पक्के करा.

वारा दक्षिणेचा किंवा नैर्ऋत्येचा, हवा उबदार आणि पाऊस अजून यायचा आहे, असा दिवस निवडा. दक्षिण वारा पक्ष्यांना काठाशी आणून सोडतो. उत्तरेचा वारा त्यांची रांग काठापासून आत जमिनीकडे ढकलतो. डर्बी हिलवर म्हणूनच दोन जागा आहेत: दक्षिण वाऱ्याला सरोवरालगतच्या कड्यावरची उत्तरेकडची जागा आणि उत्तर वाऱ्याला आतली दक्षिणेकडची. सकाळी हलका दक्षिण वारा आणि कडक ऊन असेल तर दुपारी पाण्यावरून गार झुळूक सुरू होते आणि डोक्यावरून जाणारी रांग तासाभरात दक्षिणेला सरकते. ‘पक्षी संपले’ असे वाटते तेव्हा ते बऱ्याचदा एक-दोन किलोमीटर आत सरकलेले असतात.

महिन्यांचा हिशेब साधारण असा. मार्चमध्ये गोल्डन ईगल, प्रौढ बाल्ड ईगल, रेड-शोल्डर्ड हॉक आणि मग टर्की व्हल्चरांच्या रांगा. रेड-टेल्ड आणि रफ-लेग्ड मार्च ते एप्रिल. एप्रिलच्या मध्यापासून ऑस्प्रे, केस्ट्रेल, शार्प-शिन्ड. ब्रॉड-विंग्ड हॉकचा लोंढा एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत. ब्रॅडक बे येथे २७ एप्रिल २०११ रोजी एका दिवसात ४२ हजारांहून अधिक शिकारी पक्षी मोजले गेले, ते बहुतांश हेच होते. मे महिन्यात मागच्या वर्षी जन्मलेले ब्रॉड-विंग्ड येतात. पिसे गळत असल्याने त्यांचे पंख फाटल्यासारखे दिसतात आणि नवा माणूस त्यांना भलतेच काही ठरवतो.

सावध: पहिलाच दिवस एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला धरू नका. लोंढ्याच्या दिवशी शिकवायला कुणाला सवड नसते. मार्चअखेरीचा, तासाला वीस-पंचवीस पक्ष्यांचा दिवस शिकायला उत्तम.

२. सामान आदल्या रात्री लावा

दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२. याहून जास्त मोठी करणारी हातात थरथरते आणि तिचे दृश्यक्षेत्र लहान असल्याने आकाश चाळायला निरुपयोगी. स्कोप असेल तर २० ते ६० पटींचा, भक्कम ट्रायपॉडवर. तो पक्षी शोधण्यासाठी नाही, सापडलेला पक्षी ओळखण्यासाठी.

क्लिकर, म्हणजे दाबले की आकडा एकाने वाढवणारे हातातले छोटे यंत्र. ते दोन घ्या, शक्यतो वेगळ्या रंगांचे. एक जास्त संख्येच्या जातीसाठी, दुसरा दुसऱ्या क्रमांकाच्या जातीसाठी. पाठीला टेकून मान वर करता येईल अशी आरामखुर्ची ही चैन नव्हे. सहा तास उभ्याने वर पाहिले की चौथ्या तासापासून माणूस नकळत फक्त समोरचे आकाश बघतो आणि डोक्यावरचे पक्षी निसटतात. गॉगल हवाच. लिहायला पेन्सिल घ्या, कारण मार्चच्या गारठ्यात बॉलपेन अडते आणि पावसात शाई पसरते. सोबत क्लिपबोर्ड, खिशातला वारामापक, थर्मामीटर, पाणी, खाणे.

कपड्यांच्या बाबतीत एक नियम: शहरात जे पुरते त्यावर आणखी दोन थर. काठावर वारा थेट पाण्यावरून येतो आणि तुम्ही चालत नसता, बसलेले असता. हातमोजे असे हवेत की क्लिकर दाबल्याचे बोटाला कळेल. एप्रिलपासून गवतात गोचीड असतात. पँट मोज्यांत खोचा आणि घरी गेल्यावर गुडघ्यांच्या मागे, कमरेला तपासा.

तपासा: घरून निघण्यापूर्वी दुर्बीण लांबच्या एखाद्या खांबावर स्पष्ट करून पाहा. निळ्या आकाशात डोळ्याला धरायला काहीच नसते, फोकस जवळ राहिला असेल तर उंचावरचा पक्षी समोर असून दिसत नाही. ठाण्यावरही दर अर्ध्या तासाने ढगाच्या कडेवर किंवा दूरच्या झाडावर फोकस पुन्हा लावून घ्या.

३. पहिला पक्षी दिसण्याआधी चार गोष्टी ठरवा

बहुतेक मोजण्या इथेच बिघडतात, कारण पक्षी दिसू लागला की ठरवायला वेळ उरत नाही.

मोजणारा एकच. बाकीचे शोधणारे. क्लिकर एका वेळी एकाच माणसाच्या हातात असतो आणि बाकीचे फक्त सांगतात. दोघे स्वतंत्र मोजून शेवटी बेरीज करू लागले तर दोन नजरांत आलेला प्रत्येक पक्षी दुप्पट होतो. मोजणारा बदलायचा तर तासाच्या काट्यावर बदला, मध्येच नाही.

रेघ. आकाशातून जाणारी एक काल्पनिक रेघ ठरवा, उदाहरणार्थ एका उंच झाडापासून डोक्यावरून पाण्यापर्यंत. पक्षी ती ओलांडतो तेव्हाच मोजला जातो. दिसला तेव्हा नाही, ओळखला तेव्हा नाही.

घड्याळ. उत्तर अमेरिकेतल्या ठाण्यांच्या संघटनेची, म्हणजे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हॉक मायग्रेशन असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका’ची पद्धत प्रमाणवेळ लिहिण्याची आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका-कॅनडात घड्याळे एक तास पुढे जातात, फॉर्म जात नाही. फोनवर सकाळचे ९ वाजले असतील तर फॉर्मवर ८. ठाण्याच्या प्रमुखाला विचारून खात्री करा आणि हातातले एक जुने घड्याळ प्रमाणवेळेवरच ठेवा. अर्धा हंगाम उन्हाळी वेळेत आणि अर्धा प्रमाणवेळेत लिहिला गेला की ‘कोणत्या तासाला जास्त पक्षी’ हा प्रश्नच विचारता येत नाही.

स्थानिक पक्षी. ठाण्याजवळ घरटे असलेली रेड-टेल्डची जोडी, रोज फिरणारी व्हल्चर, भक्ष्य शोधणारा हॅरियर (आपल्याकडच्या भोवत्याचा भाऊ) यांची यादी जुन्या मोजणाऱ्याकडून घ्या. त्यांच्या पंखांतली खाच, तुटलेले पीस टिपून ठेवा.

४. आकाश चाळा

नुसत्या डोळ्यांनी वर पाहत बसणे म्हणजे पाहणे नाही. आकाशाचे तीन पट्टे करा: क्षितिजालगतचा, मधला, माथ्यावरचा. ज्या बाजूने पक्षी येतात तिकडून सुरू करून दुर्बीण हळूहळू सरकवा, एक पट्टा संपला की वरचा. मग दुर्बीण खाली घेऊन एकदा पूर्ण आकाश उघड्या डोळ्यांनी, आणि पुन्हा पहिला पट्टा. एका फेरीला तीन-चार मिनिटे लागतात. घाई केली तर दूरचा ठिपका ठिपकाच राहतो.

ढगाळ आकाश सोपे, कारण गडद पक्षी पांढऱ्यावर उठून दिसतो. कोरे निळे आकाश सर्वांत फसवे, विशेषतः अकरा ते दोन या वेळेत पक्षी फार उंच असतात तेव्हा. अशा वेळी लहान पांढऱ्या ढगांच्या कडा तपासा. वर चढणारी हवा तिथेच असते आणि पक्षीही.

सावध: दुर्बीण फिरवताना सूर्य दृश्यात येऊ देऊ नका. सूर्याच्या बाजूचा पट्टा चाळायचा असेल तर इमारत, खांब किंवा मित्राची टोपी यांच्या सावलीत उभे राहा. क्षणभराची चूकही डोळ्याला महागात पडते.

५. ओळख: आधी आकार, मग पंखांची चाल, रंग शेवटी

पुस्तकातले रंग उंचावर दिसत नाहीत. उतरत्या क्रमाने हे प्रश्न विचारा.

पंख वर उचललेले, इंग्रजी ‘व्ही’सारखे? डुलत जात असेल, डोके नसल्यासारखे दिसत असेल तर टर्की व्हल्चर. लांब शेपूट, सडसडीत अंग आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग असेल तर नॉर्दर्न हॅरियर. मोठा, पंख किंचितच उचललेले, डोके लहान आणि शेपूट लांब असेल तर गोल्डन ईगल. फळी टाकल्यासारखे सपाट पंख आणि ठळक डोके म्हणजे बाल्ड ईगल.

पंख मनगटाशी मुडपलेले? ऑस्प्रे, हिवाळ्यात उजनीवर दिसतो तीच जात. इथे त्याची गफलत होते ती गल पक्ष्याशी, आणि सरोवराकाठी गलांची काय कमी! शंका असेल तर थांबा. गल पंख सतत मारतो, ऑस्प्रे लांब घसरतो.

पंख टोकदार? ससाण्याचे कुळ. केस्ट्रेल हलका, वाऱ्यावर तरंगल्यासारखा. मर्लिन ताकदीने, सरळ रेषेत, वळून न पाहता. बहिरी ससाणा मोठा, पंखांचा ठोका दमदार.

पंख आखूड, शेपूट लांब, दोन-चार फटके आणि मग घसरण? हा शिक्र्याचा गोतावळा. शार्प-शिन्डचे डोके पंखांच्या पुढच्या कडेच्या आतच राहते आणि फटके इतके झटपट की मोजता येत नाहीत. कूपर्सचे डोके पुढे आलेले, शेपूट लांब आणि गोलसर, फटके मोजता येण्याजोगे. २०२४ च्या नव्या वर्गीकरणात कूपर्स ‘ॲक्सिपिटर’ या शिक्र्याच्या गटातून बाहेर गेला आहे, पण ठाण्यांवर तोच जुना शब्द अजून चालतो. ऐकून गोंधळू नका.

रुंद पंख, आखूड शेपूट? ब्यूटिओ गट. रेड-टेल्डच्या पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत गडद पट्टी असते. लाल शेपूट फक्त प्रौढांना, म्हणून शेपटीवर विसंबू नका. रेड-शोल्डर्डच्या पंखांच्या टोकांजवळ फिकट चंद्रकोर. रफ-लेग्डच्या मनगटांवर काळे ठसे. ब्रॉड-विंग्ड कावळ्याएवढा, पंख मेणबत्तीच्या ज्योतीसारखे निमुळते, खालून फिकट आणि कडेला गडद किनार.

इतके करून उरले तर ‘अज्ञात ब्यूटिओ’, ‘अज्ञात ॲक्सिपिटर’, ‘अज्ञात ससाणा’, तेही नाही जमले तर ‘अज्ञात शिकारी पक्षी’. अज्ञातांचा रकाना रिकामा असलेला फॉर्म मला तरी संशयास्पद वाटतो. ‘आज बहुतेक शार्प-शिन्डच जाताहेत, हाही तोच असेल’ असे म्हणून भरलेला आकडा अज्ञातापेक्षा वाईट.

६. केटल मोजणे

एकाच वर चढणाऱ्या हवेत शेकडो पक्षी गोल फिरत राहतात, त्याला ठाण्यांवर केटल म्हणतात. उकळत्या भांड्यात दाणे फिरावेत तसे ते दिसतात. नवा माणूस लगेच बोट दाखवून मोजायला लागतो, आणि तीच चूक. फिरणारे पक्षी एकमेकांमागे लपतात, खालून नवे येऊन मिळतात आणि मोजलेले पुन्हा समोर येतात. केटल मोजायची नसते, केटलमधून बाहेर पडणारी धार मोजायची असते.

क्रम असा.

पहिले, केटलच्या माथ्याकडे पाहा. हवेचा जोर संपतो तिथून पक्षी फिरणे सोडून पंख आवळतात आणि एकामागून एक घसरू लागतात.

दुसरे, त्या धारेच्या वाटेत एक स्थिर खूण शोधा: झाडाचा शेंडा, टॉवरची तार. ढग चालेल, पण ढग सरकतो, म्हणून फार वेळ नाही. दुर्बीण त्या खुणेवर रोखून धरा आणि हलवू नका. पक्षी तुमच्याकडे येऊ द्या. तुम्ही त्यांच्यामागे गेलात की पुढे गेलेलेच पुन्हा मोजता.

तिसरे, खूण ओलांडणाऱ्या प्रत्येकाला एक क्लिक. धार दाट झाली की दहांचा एक गट डोळ्यांनी नीट मोजा, तो आकाशात किती जागा व्यापतो ते लक्षात घ्या आणि दर दहाला एक क्लिक करा. क्लिक एकाचा की दहाचा, हे बदलताना सोबत्याला मोठ्याने सांगा आणि त्याने त्या क्षणीचा क्लिकरवरचा आकडा लिहावा. हे न केल्याने हजाराचे शंभर आणि शंभराचे हजार झालेले फॉर्म असतात, आणि नंतर ते सुधारता येत नाहीत. दर दोन-तीनशेंनंतर एक गट पुन्हा एकेक करून मोजा. मोठ्या थव्याचा अंदाज बहुतेकांचा कमीच निघतो, आणि दहाचा गट नकळत बाराचा होतो.

चौथे, मिसळलेल्या जाती. लोंढ्यात चार-दोन शार्प-शिन्ड, एखादा ऑस्प्रे असतोच. मोजणाऱ्याने सगळ्यांना क्लिक करावे, सोबत्याने फक्त वेगळ्या जाती लिहाव्यात. शेवटी वजाबाकी. क्लिकरवर ६४०, सोबत्याकडे १४ शार्प-शिन्ड, ३ ऑस्प्रे, २ रेड-टेल्ड, म्हणजे ब्रॉड-विंग्ड ६४० वजा १९, म्हणजे ६२१. क्लिकरचे ६४० ब्रॉड-विंग्ड लिहून त्याखाली हे १९ पुन्हा लिहिणे ही या हंगामातली सर्वांत नेहमीची चूक आहे. ‘क्लिकरमध्ये सगळे धरतोय की फक्त ब्रॉड-विंग्ड?’ हा प्रश्न धार सुरू होण्याआधी विचारा.

पाचवे, तीच धार पुढे जाऊन दुसऱ्या केटलला मिळते. ती केटल रेघेपलीकडे असेल तर तिच्याकडे पाहायचे नाही, कितीही सुंदर दिसली तरी.

केटल ढगात शिरून नाहीशी झाली तर? वर चढताना दिसलेल्यांचा जेवढा खात्रीचा किमान आकडा असेल तेवढाच लिहा आणि शेऱ्यात तसे नोंदवा. फोटोही काढा, पण तो नंतर शिकण्यासाठी. घरी पडद्यावर मोठा करून सापडलेले जास्तीचे पक्षी रकान्यात घालू नका. पंचवीस वर्षांपूर्वीच्या मोजणाऱ्याकडे ती सोय नव्हती, आणि तुमचा आकडा त्याच्या आकड्याशेजारी ठेवला जाणार आहे.

तपासा: सरावासाठी केटलचा फोटो पाच सेकंद पाहून अंदाज लिहा, मग एकेक ठिपका खूण करून मोजा. दहा फोटोंनंतर आपण कुठल्या बाजूला आणि किती चुकतो हे कळते.

७. मागे फिरणारे पक्षी

रेघ ओलांडून गेलेला पक्षी उलटा परत आला तर त्याच्यावर नजर ठेवा. तो पुन्हा रेघ ओलांडेल तेव्हा मोजू नका. उलटा जाऊन नाहीसा झाला तर बहुतेक ठाणी तो आकड्यातून वजा करतात. तुमच्या ठाण्याचा नियम लिहिलेला असतो, तो वाचा. टर्की व्हल्चरांच्या बाबतीत हे दिवसभर चालते. उंचीवर, एका दिशेने, न थांबता गेलेला तो प्रवासी; झाडांच्या उंचीवर रेंगाळणारा, पाय खाली सोडलेला तो बहुधा इथलाच.

८. तासाची नोंद तासालाच

काटा तासावर आला की क्लिकर वाचा, लिहा, शून्यावर आणा. या क्रमानेच. आधी शून्यावर आणून मग आठवून लिहिणारे दर हंगामात असतातच.

पक्षी आला नाही तरी तासाचा रकाना भरा: शून्य. तुम्ही ४० मिनिटेच होतात तर ४० मिनिटे लिहा. पाऊस आला म्हणून गाडीत बसलात तर ती मिनिटे मोजणीची नाहीत. तासाला किती पक्षी हे गणित शेवटी या मिनिटांवरच उभे असते.

हवामानाच्या आणि उड्डाणाच्या रकान्यांत काही घसरगुंड्या आहेत. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती. पक्ष्यांची दिशा म्हणजे ते जिकडे जातात ती. तापमान सेल्सियसमध्ये, गाडीच्या पडद्यावरचे फॅरनहाइट नव्हे. ढग टक्क्यांत आणि सगळ्या आकाशाचे, फक्त तुम्ही पाहता त्या बाजूचे नाहीत. उड्डाणाची उंची फुटांत नाही, ० ते ७ या संकेतांकात: ० डोळ्यांच्या पातळीखाली, १ त्या पातळीपासून सुमारे ३० मीटरपर्यंत, २ उघड्या डोळ्यांनी सहज दिसणारे, ३ उघड्या डोळ्यांच्या मर्यादेवर, ४ दुर्बिणीनेच दिसणारे, ५ दुर्बिणीच्या मर्यादेवर, ६ स्कोपशिवाय न दिसणारे आणि ७ ठरावीक उंची नाही. निरीक्षकांची संख्या लिहिताना खाऊ वाटणारे आणि गप्पा मारणारे धरू नका. आकाश पाहणारेच.

सावध: मोजणाऱ्याशी धार सुरू असताना बोलू नका, ‘तो कोणता?’ असेही विचारू नका. प्रश्न वहीत लिहा. आकाश रिकामे झाले की तोच समजावून सांगतो.

९. जागा सोडण्यापूर्वी

प्रत्येक जातीची आडवी बेरीज आणि प्रत्येक तासाची उभी बेरीज करा. दोन्हींचा शेवटचा आकडा जुळला पाहिजे. जुळत नसेल तर तिथेच, सोबती असताना शोधा. घरी गेल्यावर कुणालाच आठवत नाही. मग फॉर्मचा फोटो घ्या आणि त्याच संध्याकाळी ‘हॉककाउंट’ संकेतस्थळावर आकडे चढवा, किंवा ठाण्याच्या प्रमुखाला द्या. चढवल्यावर पडद्यावरची बेरीज कागदाशी पुन्हा ताडून पाहा. ६२१ चे ६१२ इथेच होते.

दुर्मीळ पक्षी असेल तर वर्णन पुस्तक उघडण्याआधी लिहा: अंतर, प्रकाश, किती सेकंद दिसला, काय दिसले आणि काय दिसले नाही. चुकलेला आकडा रबराने खोडू नका. एक आडवी रेघ मारा, शेजारी नवा लिहा, आद्याक्षरे टाका. कागद जपून ठेवा, संगणकावर गेला म्हणून फेकू नका.